निळी टोपी घालून परदेशात: यूएन मिशनवरचा आपला जवान नेमकं काय करतो?

सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, अहिल्यानगर इथल्या कित्येक गावांत फौजेची नोकरी आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेली आहे. अशा गावात पारावर बसलेल्या एखाद्या निवृत्त सुभेदाराच्या तोंडी "मी यूएनला होतो", "काँगोचं मिशन केलंय" अशी वाक्यं सहज येतात. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं, की गडी वर्षभर परदेशात राहून आला, चार पैसे जास्त मिळाले आणि घरात संयुक्त राष्ट्रांचं एक पदक आहे. पण आपलं सैन्य आफ्रिकेत जातं ते कुणाच्या हुकमानं? तिथं ते लढतं, की पहारा देतं? गोळी कधी झाडायची हे कोण ठरवतं? पैसे दिल्ली देते की न्यूयॉर्क? या प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. गुंता सोडवायला कोरियापासून सुरुवात करणं सोपं पडतं, कारण पुढं जे जे घडलं त्याची बीजं तिथं दिसतात. शिवाय त्या गोष्टीच्या मध्यभागी एक मराठी माणूस उभा आहे.

एकाच पलटणीचे चार देश

११० वी मराठा ही जुनी पलटण. पहिल्या महायुद्धात ती आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारा इथं वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, म्हणजे जवळजवळ पाच महिने वेढा, उपासमार आणि शेवटी शरणागती. दुसऱ्या महायुद्धात हीच पलटण ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री या नावानं १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर चढली आणि पुढं इटलीत उतरली. रायगडचे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्वातंत्र्यानंतर पलटणीचं नाव बदलून २ पॅरा (मराठा) झालं, आणि १९५३ साली ती कोरियाला निघाली.

कुत, केरेन, इटली या तिन्ही ठिकाणी काम सरळ होतं: समोरच्याला हरवायचं. युद्ध कुणाशी करायचं हे लंडनमध्ये ठरत होतं आणि मरत होती मावळातली, कोकणातली पोरं. कोरियात मात्र समोर शत्रूच नव्हता. ज्यांच्यावर पहारा करायचा होता त्यांना इजा करायची नव्हती, ज्यांच्या जमिनीवर उभं राहायचं होतं त्यांना हे सैनिक नको होते, आणि दोन्ही बाजूंचा संशय डोक्यावर घेऊन दिवस काढायचे होते. फौजी शिक्षणात न शिकवलेली ही नोकरी होती.

कोरियातला पेच

उत्तर आणि दक्षिण कोरियाचं युद्ध जून १९५० मध्ये सुरू झालं. उत्तरेच्या बाजूनं चीन, दक्षिणेच्या बाजूनं अमेरिका. भारतानं तेव्हा लढणारं सैन्य पाठवलं नाही, वैद्यकीय तुकडी पाठवली: लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स. डिसेंबर १९५० मध्ये चिनी सैन्य पुढं सरकलं आणि प्याँगयांग रिकामं होऊ लागलं, तेव्हा या तुकडीकडं औषधं आणि उपकरणं हलवायला पुरेशी वाहनंच नव्हती. सामान टाकून निघा, असा सल्ला मिळाला. त्यांनी स्टेशनात पडून असलेलं एक वाफेचं इंजिन शोधलं, हातोहात बादल्या देत त्याचा बॉयलर भरला, तुकडीतल्याच इंजिन चालवता येणाऱ्यांनी गाडी सुरू केली आणि पूल उडवले जाण्याआधी दवाखाना सुखरूप बाहेर काढला. पुढची तीन वर्षं हजारो जखमींवर जे उपचार झाले ते या सामानाच्या जोरावर.

युद्ध थांबवण्याची बोलणी अडली ती कैद्यांवरून. उत्तर कोरिया आणि चीनच्या बाजूनं लढलेले हजारो कैदी म्हणत होते, आम्हाला परत जायचं नाही. चीन म्हणे, त्यांना धमकावलंय, सगळे परत द्या. अमेरिका म्हणे, ज्याला जायचं नाही त्याला बळजबरीनं धाडणार नाही. या एका मुद्द्यावर युद्ध वर्षाहून अधिक काळ रेंगाळलं आणि माणसं मरत राहिली. तोड निघाली ती अशी: परत न जाणारे कैदी एका तटस्थ आयोगाच्या ताब्यात द्यायचे, त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी येऊन त्यांना समजावून सांगायचं, आणि मग ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं. आयोगात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. अध्यक्ष भारताचे लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या. कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळायचं काम एकट्या भारतीय सैन्याचं, आणि त्या सैन्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात.

थोरात कोल्हापूरकडचे. सँडहर्स्टला शिकलेले, ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळवलेले. पुढं पूर्व विभागाचे प्रमुख असताना चीनच्या धोक्याचा इशारा वेळेवर देणारे सेनानी म्हणून ते ओळखले गेले. निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित पर्व कोरियाचं आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला दोन ओळी तरी मिळायला हव्या होत्या.

पहिली अडचण बंदरातच आली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हा तोडगाच मान्य नव्हता. जून १९५३ मध्ये त्यांनी परस्पर छावण्यांची दारं उघडून सुमारे २७ हजार कैदी सोडून दिले होते. भारत साम्यवाद्यांकडे झुकलेला आहे असं त्यांचं मत, म्हणून भारतीय सैनिकांचे पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही, असं त्यांनी बजावलं. मग काय करायचं? बोटी इंचॉनजवळ समुद्रात थांबल्या आणि अमेरिकी हेलिकॉप्टरांनी भारतीय सैनिकांना फेऱ्या मारत, दक्षिण कोरियाच्या जमिनीला पाय न लावता, थेट दोन सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. एकेका फेरीत थोडेच जवान बसत, आणि न्यायचे होते पाच-सहा हजार. शांतिसेनेचं सगळं मर्म या एका दृश्यात आहे: जगानं बोलावलेलं सैन्यसुद्धा यजमानाच्या परवानगीशिवाय पाय टेकू शकत नाही.

त्या पट्ट्यात जी छावणी उभी राहिली तिला जवानांनी हिंदनगर म्हटलं. शेजारी तारेच्या कुंपणात २२ हजार ६०४ कैदी होते, बहुसंख्य चिनी. दुसऱ्या बाजूनं आलेले ३५९, त्यांत काही अमेरिकी आणि एक ब्रिटिश. मोठ्या छावणीतल्या कुंपणांच्या आत कैद्यांच्या पुढाऱ्यांचं राज्य होतं. परत जायचंय असं कुणी उघड म्हटलं तर रात्रीत त्याचा मुडदा पडू शकत होता. ज्याला जायचं असे तो संधी साधून तारेवर झेप घेई आणि भारतीय पहारेकऱ्याच्या अंगावर पडे. त्याला वाचवणं हे त्या पहारेकऱ्याचं काम.

सप्टेंबरमध्ये असाच एक कैदी बाहेर आला. त्याला परत द्या, म्हणून आतल्यांनी भारतीय तुकडीतल्या मेजर ग्रेवाल यांना पकडून ठेवलं. बाहेर सशस्त्र जवान उभे होते. आत घुसून सोडवणं लष्करी दृष्टीनं शक्य होतं, पण त्यात शेकडो कैदी मेले असते आणि शस्त्रसंधी त्याच दिवशी मोडला असता. थोरात स्वतः, हातात शस्त्र न घेता, त्या खवळलेल्या जमावात गेले. बोलले, ऐकून घेतलं, वेळ काढला, आणि ग्रेवाल यांना घेऊन बाहेर आले. गोळी झाडावी लागली नाही. प्रत्येक वेळी असं जमलं असं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दंगल उसळली तेव्हा गोळीबार झाला आणि कैदी मारले गेले.

समजावण्याचं काम तंबूत चाले. एकेक कैदी आत आणायचा, त्याच्या देशाचे अधिकारी बोलणार, आयोगाचे सदस्य ऐकणार, मग त्यानं ठरवायचं: परत जायचं तर एका दारानं, नाही तर दुसऱ्या. कैदी आत येताना ओरडत, शिव्या देत, खुर्च्या फेकत. ठरलेल्या ९० दिवसांत हे काम जेमतेम १० दिवस चाललं, बाकीचे वादात गेले. शेवटी सहाशेच्या थोडे वर कैदी मायदेशी परतले. थिमय्यांनी जानेवारी १९५४ मध्ये उरलेले ज्याचे त्याच्या ताब्यात दिले, आणि दोन्ही बाजूंनी भारतावर टीका केली. इकडेही नको, तिकडेही नको, असं म्हणणारे ८८ जण भारतीय सैन्याबरोबर बोटीनं भारतात आले. त्यांतले काही पुढं दक्षिण अमेरिकेत स्थायिक झाले. परत निघालेल्या जवानांनी नवा देश पाहिला होता असं म्हणायचं, पण पाहिलं काय? तारा, तंबू, हाडं गोठवणारी थंडी, आणि घर कुठलं म्हणायचं हे न ठरवता येणारी हजारो माणसं.

सनदेत नसलेलं सैन्य

कोरियातली ती तुकडी काटेकोर अर्थानं संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना नव्हती, ती शस्त्रसंधीच्या करारातून आली होती. पण तिच्यामागचा विचार तोच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत सहाव्या प्रकरणात भांडण सामोपचारानं मिटवण्याचे मार्ग आहेत आणि सातव्यात बळाचा वापर. शांतिसेना हा प्रकार सनदेत कुठंच लिहिलेला नाही. तो गरजेतून निघाला, म्हणून सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड यांच्या नावावर सांगितलं जातं, की हे "साडेसहावं प्रकरण" आहे.

गावात बांधावरून भाऊबंदांचं भांडण पेटलं की दोघांनी मानलेला तिसरा माणूस मध्ये उभा राहतो. त्याच्या हातात काठी असली तरी तिच्या धाकानं भांडण थांबत नसतं, दोघांनी त्याला मानलंय म्हणून थांबत असतं. शांतिसेनेचे तीन नियम यातूनच येतात: भांडणाऱ्यांची संमती हवी, बाजू घ्यायची नाही, आणि स्वतःच्या रक्षणासाठी किंवा सोपवलेल्या कामासाठी अगदीच आवश्यक असेल तरच शस्त्र वापरायचं.

१९५६ मध्ये सुएझच्या युद्धानंतर इजिप्त आणि इस्राएलच्या मध्ये पहिली मोठी सशस्त्र शांतिसेना उभी राहिली, तिच्यात भारतीय जवान होते. निळी टोपीही तेव्हाचीच. दुरून ओळखू यावं म्हणून काहीतरी वेगळं हवं होतं आणि नव्या टोप्या शिवून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून अमेरिकी शिरस्त्राणांच्या आतल्या टोपांना निळा रंग मारला गेला. इस्राएलनं आपल्या बाजूला हे सैन्य येऊ दिलं नाही, त्यामुळं ते फक्त इजिप्तच्या संमतीवर उभं होतं. दहा वर्षं सिनाई आणि गाझात शांतता राहिली. १६ मे १९६७ रोजी इजिप्तच्या एका अधिकाऱ्यानं शांतिसेनेचे प्रमुख, भारताचे मेजर जनरल इंदरजित रिखी यांच्या हातात पत्र ठेवलं: तुमचे जवान हलवा. सरचिटणीस यू थांट यांनी ते मान्य केलं. ५ जूनला युद्ध पेटलं तेव्हा आपले जवान अजून गाझातून निघायचे होते, आणि त्यांतले काही त्या गोळीबारात मारले गेले. यू थांट यांनी एवढ्या लगेच मान तुकवायला नको होती, असं म्हणणारे आजही आहेत. मला वाटतं, ज्या सैन्याची सगळी ताकद यजमानाच्या होकारात होती, ते होकार गेल्यावर वाळवंटात उभं राहून काय करणार होतं?

संमती नसेल तेव्हा

काँगो १९६० साली बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि काही दिवसांत फुटू लागला. खनिजांनी भरलेला कटांगा प्रांत वेगळा झाला, त्याच्या मदतीला परदेशी भाडोत्री सैनिक आले. फेब्रुवारी १९६१ मध्ये सुरक्षा परिषदेनं यादवी रोखण्यासाठी, शेवटचा उपाय म्हणून, बळ वापरायला परवानगी दिली आणि भारतानं अख्खी ९९ वी ब्रिगेड पाठवली. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिलच्या (आजचं लुबुंबाशी) विमानतळाजवळ रस्ता अडवून बसलेल्या सुमारे ९० सशस्त्र कटांगींवर कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांनी १६ गुरखा जवानांसह चाल केली. मानेला गोळ्या लागूनही ते लढत राहिले. वय २६. शांतिसेनेत मिळालेलं हे एकमेव परमवीर चक्र.

इथं नियम मोडला का? मोडला नाही, कारण ठराव बदलला होता. लोकांच्या लक्षात येत नाही ते हेच: शांतिसेना म्हणजे एकच ठरावीक प्रकार नाही. प्रत्येक मोहिमेचा ठराव वेगळा असतो आणि सुरक्षा परिषद त्यात लिहील तेवढाच तिचा अधिकार. सीरिया आणि इस्राएलच्या मधल्या गोलानमध्ये जे करायला मनाई, ते काँगोत कर्तव्य असू शकतं.

१९९४ मध्ये रवांडात आणि १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात शांतिसेना हजर असताना कत्तली झाल्या. त्या लाजेतून ठरावांची भाषा बदलली. ऑक्टोबर १९९९ मध्ये सिएरा लिओनच्या मोहिमेला पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत नागरिकांचं रक्षण करण्याचं काम दिलं गेलं. पण काम वाढलं त्या मानानं बळ वाढलं नाही. मे २००० मध्ये तिथल्या बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहुन इथं दोनशेहून अधिक भारतीय जवानांना त्यांनी घेरलं. शस्त्रं ठेवा, जाऊ देतो, असं बंडखोर सांगत होते. जवानांनी शस्त्रं ठेवली नाहीत. अडीच महिने वाटाघाटी चालल्या. त्या संपल्या तेव्हा जुलैत ऑपरेशन खुकरी झालं आणि तुकडी लढत बाहेर पडली.

दक्षिण सुदानमध्ये तर याहून कठीण प्रसंग आला. डिसेंबर २०१३ मध्ये तिथं यादवी पेटल्यावर हजारो माणसं जीव वाचवायला संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे धावली. फाटकं उघडायची की नाही, याला वेळ नव्हता. उघडली. अकोबो इथल्या छोट्या तळावर १९ डिसेंबरला सुमारे दोन हजारांचा सशस्त्र जमाव चालून आला, आत लपलेल्या दिंका समाजाच्या लोकांना मारायला. तळावर मूठभर भारतीय जवान होते. त्यांतले दोघे मारले गेले, आणि आत आलेले नागरिकही. तीन नियमांचं पुस्तक अशा वेळी कुणाच्या हातात नसतं.

आपल्याकडं एक गल्लत नेहमी होते. श्रीलंकेत १९८७ ते १९९० गेलेल्या आपल्या सैन्याच्या नावातही शांतिसेना होतं, पण ते संयुक्त राष्ट्रांचं काम नव्हतं. भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांच्या करारावर ते गेलं होतं. हजाराहून अधिक जवान तिथं गमावले. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालू नयेत.

हुकूम कुणाचा, पैसा कुणाचा

संयुक्त राष्ट्रांकडं स्वतःचं सैन्य नाही. सुरक्षा परिषद ठराव करते, मग सचिवालय देशांना विचारतं, कोण काय देऊ शकेल? भारतानं होकार दिला की करार होतो: किती माणसं, कुठली वाहनं, किती दिवस. कामाचा हुकूम मोहिमेच्या सेनाप्रमुखाचा चालतो, तो ब्राझीलचा असेल किंवा सेनेगलचा. शिस्त, शिक्षा, बढती हे सगळं मात्र भारतीय सैन्याच्या कायद्यानं. म्हणजे जवानाला दोन मालक असतात, आणि दोघांचं म्हणणं जुळलं नाही की पेच पडतो तो जागेवरच्या कर्नलला.

शिपायाला या कामासाठी अर्ज करता येत नाही. पलटण निवडली जाते आणि तिच्याबरोबर तो जातो. निरीक्षक किंवा मुख्यालयातल्या जागांवर अधिकारी एकेकटे निवडले जातात. निघण्याआधी दिल्लीतल्या शांतिसेना प्रशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमावर तयारी होते: ठरावाचा अर्थ, गोळी झाडण्याचे नियम, स्थानिक चालीरीती, पिवळ्या तापाची लस.

पैशाचं गणित असं. संयुक्त राष्ट्रं प्रत्येक जवानामागं दरमहा एक ठरावीक रक्कम त्याच्या सरकारला देतात. २०१८ मध्ये ठरलेला दर १,४२८ डॉलर होता, नंतर तो थोडा वाढला. शिपाई असो वा कर्नल, भारताचा असो वा युरोपातला, दर एकच. म्हणून श्रीमंत देशांना हा सौदा आतबट्ट्याचा वाटतो आणि निळ्या टोपीखाली बहुतेक चेहरे दक्षिण आशिया आणि आफ्रिकेतले दिसतात. जवानाच्या हातात संयुक्त राष्ट्रांकडून थेट पडतो तो रोजचा सव्वा डॉलरच्या आसपासचा भत्ता आणि रजेचे थोडे पैसे. बाकी पगार आणि परदेश भत्ता भारत सरकार देतं.

गाड्या, जनरेटर, तंबू, स्वयंपाकघर हे सगळं देशानं आपलं न्यायचं आणि त्याचं भाडं संयुक्त राष्ट्रांनी द्यायचं. वेळोवेळी तपासणी होते. कागदावर दाखवलेली गाडी गॅरेजात बंद पडलेली सापडली, पाणी शुद्ध करायचं यंत्र चालत नसलं, की भाडं कापलं जातं. त्यामुळं मिशनवर शस्त्रागाराइतकीच धावपळ तपासणीच्या आदल्या दिवशी शौचालयं आणि नळजोडणीपाशी असते. ही रक्कम येते सदस्य देशांच्या वर्गणीतून. सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा, मग चीनचा. त्यांनी उशीर केला की भारतासारख्या देशांची देणी थकतात.

जवानाला दिसतं ते जग

परदेश म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते जग याला दिसत नाही. बहुतेक वेळ तळाच्या भिंतीच्या आत जातो, बाहेर पडायचं ते गस्तीला किंवा ताफ्याबरोबर. पण गस्तीच्या गाडीतून जे दिसतं ते पर्यटकाला कधी दिसणार नाही.

पूर्व काँगोतलं गोमा शहर घ्या. न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेलं. २००२ साली लाव्हा शहरातून वाहत गेला आणि लोकांनी त्याच काळ्या दगडावर पुन्हा घरं बांधली. रस्त्यावर चुकुडू धावतात: माणसांनी हातानं कोरलेल्या लाकडी दुचाक्या, पेडल नाही, चेन नाही, वर चार-चार पोती बटाटे किंवा कोळसा. उतारावर स्वार, चढावर ढकलायचं. या शहरात भारतीय सैन्यानं मोठं इस्पितळ वर्षानुवर्षं चालवलं. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ बंडखोरांनी गोमा ताब्यात घेतलं.

दक्षिण सुदानात मलाकालसारख्या ठिकाणी भारतीय सैन्याचे पशुवैद्य गुरांवर उपचार करतात. आपल्याकडच्या कुणाला हे नुसतं सेवाकार्य वाटेल. पण दिंका आणि नुएर समाजांत गुरं हीच संपत्ती, लग्न ठरतं ते किती गुरं द्यायची यावर, आणि गुरं पळवण्यावरून रक्तपात होतो. तिथं गाय वाचवणारा डॉक्टर ज्या वस्तीत सहज जातो, तिथं बंदूक घेतलेली गस्त संशयानं पाहिली जाते. लेबनॉनच्या दक्षिण भागातही आपल्या तुकडीचे पशुवैद्य शेळ्या-मेंढ्या तपासत आले आहेत. शेतकऱ्याच्या घरातून फौजेत आलेल्या आपल्या पोराला आजारी जनावराच्या दारात उभ्या माणसाचा चेहरा वाचायला दुभाषा लागत नाही. माझ्या मते भारतीय तुकड्यांचं नाव झालं त्यात या गोष्टीचा वाटा शस्त्रांपेक्षा कमी नाही.

लायबेरियात २००७ मध्ये भारतानं फक्त स्त्रियांची पोलिस तुकडी पाठवली, जगातली अशी पहिली. सीआरपीएफच्या या महिला रस्त्यावर गस्त घालत, अध्यक्षांच्या कार्यालयाला पहारा देत. यादवीत बायकांवर झालेल्या अत्याचारांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या देशात तक्रार घेऊन कुणाकडं जायचं, याचं उत्तर त्यांच्या रूपानं समोर उभं होतं. २०१६ पर्यंत या तुकड्या तिथं राहिल्या.

काळी बाजूही सांगितली पाहिजे. वेगवेगळ्या देशांच्या शांतिसैनिकांवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले, त्यांत भारतीयांवरचेही होते. संयुक्त राष्ट्रं अशा माणसाला परत पाठवू शकतात, शिक्षा देऊ शकत नाहीत. ती त्याच्या देशानं द्यायची. ज्याच्याकडं रक्षणासाठी पाहायचं त्यानंच असं केलं तर त्या बाईनं जायचं कुठं? हाईतीत २०१० मध्ये शांतिसेनेच्या छावणीतलं सांडपाणी नदीत गेल्यानं पटकी पसरली आणि हजारो माणसं मेली. आपली त्यात भूमिका होती हे मान्य करायला संयुक्त राष्ट्रांना २०१६ उजाडलं. १९८८ चं शांततेचं नोबेल ज्या दलाला मिळालं, त्याच्या इतिहासातली ही पानंही वाचायला हवीत.

पुढं काय

१९५० पासून पन्नासावर मोहिमांत २ लाख ९० हजारांहून अधिक भारतीयांनी काम केलंय. सुमारे १८० जण परतले नाहीत, इतकी मोठी किंमत दुसऱ्या कुठल्याही देशानं मोजलेली नाही. पण दारं आता बंद होत चालली आहेत. २०२३ मध्ये मालीच्या लष्करी सरकारनं शांतिसेनेला निघायला सांगितलं आणि वर्षाअखेर ती निघाली. काँगोनंही टप्प्याटप्प्यानं जाण्याची मागणी केली. लेबनॉनमधली मोहीम, जिथं १९९८ पासून भारतीय पलटणी एकामागून एक गेल्या, ती २०२६ च्या अखेरीस संपवायचं सुरक्षा परिषदेनं ठरवलंय. मोठ्या देशांची वर्गणी थकलेली आहे, त्यामुळं उरलेल्या मोहिमांतूनही माणसं कमी होत आहेत.

मला यात सर्वांत जास्त खटकते ती एक गोष्ट. ठराव लिहिणारे पाच कायम सदस्य देश, आणि त्या ठरावाच्या शब्दांवर जीव टांगून उभे राहणारे जवान भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडाचे. "नागरिकांचं रक्षण करा" हे तीन शब्द न्यूयॉर्कच्या खोलीत बसून लिहिणं सोपं आहे. अकोबोत दोन हजारांच्या जमावासमोर ते पाळायचे कसे, किती माणसांनिशी, कुठल्या दारूगोळ्यावर, हे विचारण्याचा हक्क तिथं उभं राहणाऱ्याला हवा. सनदेच्या ४४ व्या कलमात तशी सोयही आहे: परिषदेचा सदस्य नसलेल्या देशाचं सैन्य वापरायचं असेल, तर त्याबाबतच्या निर्णयात त्या देशाला सहभागी करून घ्यावं. भारत वर्षानुवर्षं परिषदेत याच कलमाकडं बोट दाखवत आलाय, आणि ठरावांचे मसुदे अजूनही तेच मोजके देश लिहीत आहेत.